सेफ्टी पिन डाव्या खांद्यावर

ज्याला डाव्या बरगडीखाली दुखतं आणि ज्याला प्रत्येक डॉक्टरने वेगळंच कारण सांगितलं आहे, त्या माणसासाठी मी हे लिहितो आहे. तो माझ्यासारखा संशयी असेल तर फारच बरं. विश्वासू माणसाला असल्या लिखाणाची गरज नसते. तो गोळी घेतो आणि झोपतो.

संशय हा माझा स्वभाव की नोकरीने लावलेली सवय, हे आमच्या घरात अजून ठरलेलं नाही. माझी बायको सुनंदा म्हणते, स्वभाव. मी म्हणतो, सवय. मी जबलपूरच्या एका फॅक्टरीत ओतीव लोखंडी नगांचे एक्स-रे तपासण्यात आयुष्य घालवलं. नग बाहेरून गुळगुळीत दिसतो, पण आत पोकळी असू शकते, केसाएवढी भेग असू शकते. फिल्म उजेडावर धरायची आणि खोट शोधायची. सापडली नाही, तर शेजारच्याच्या हातात देऊन म्हणायचं, "पुन्हा बघ."

हे "पुन्हा बघ" मी घरीही आणलं. गॅस बंद केला का, पुन्हा बघ. भाजीवाल्याचा काटा, पुन्हा बघ. मुलीच्या लग्नाआधी जावयाच्या गल्लीत जाऊन मी पानवाल्याकडे त्याची चौकशी केली होती. आमची प्राची ते अजून विसरलेली नाही. जावईसुद्धा विसरलेला नाही, पण तो भला माणूस आहे, बोलून दाखवत नाही. इतकं सगळं तपासणाऱ्या माणसाने एकच वस्तू कधी तपासली नव्हती. तिची गोष्ट सांगतो.

गॅस

निवृत्त झाल्यावर जुन्या मित्रांबरोबर सदर बाजारात फिरायला जायचं आणि येताना खोव्याची जलेबी खायची, असा माझा नेम झाला होता. अशाच एका संध्याकाळी घरी आलो, चप्पल काढली आणि डाव्या बरगडीखाली कोणीतरी सांडशीने पकडल्यासारखं झालं. कळ पाठीत शिरली आणि तिथून डाव्या खांद्यापर्यंत गेली. घाम फुटला. सुनंदाने माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता रिक्षा बोलावली.

नेपियर टाउनमधल्या क्लिनिकमध्ये ईसीजी काढला. तारा लावणाऱ्या माणसाने कागद पाहिला, मान हलवली आणि म्हणाला, "तार उल्टी लग गई शायद." त्याने हातांच्या तारा अदलाबदल केल्या आणि पुन्हा कागद काढला. आता त्याला तो बरा वाटला. मला त्या माणसाचं कौतुक वाटलं. स्वतःच्या कामावर शंका घेणारी माणसं हल्ली कुठे मिळतात? डॉक्टर म्हणाले, हृदय ठीक दिसतं, गॅस आहे.

मग तो गॅस येतच राहिला. तळलेलं खाल्लं की यायचा, लग्नात जेवलो की यायचा. मी आधी दुकानदाराच्या तेलावर संशय घेतला, मग गोळ्यांवर. गोळ्यांचं दुकान बदललं. सुनंदा वैतागून म्हणाली, "अहो, दुकान बदलून काय होते? डॉक्टरले विचारा ना, काहून दुखून राहिलं म्हणून."

डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे आणि पोटाची सोनोग्राफी लिहून दिली. ज्या चिठ्ठीवर लिहून दिली, तिच्यावर सेंटरचं नाव आधीच छापलेलं होतं. माझ्या मनात पाल चुकचुकली. नाव आधीच छापलेलं, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. मी ठरवलं, एकच तपासणी करायची. एक्स-रे करायचा, कारण त्यातलं मला कळतं. सोनोग्राफीचं नंतर बघू.

मी परत पाठवलेली फिल्म

आमच्याकडे फॅक्टरीत एक पद्धत होती. नगाचा एक्स-रे काढण्याआधी त्याच्या कडेला शिशाचं अक्षर चिकटवायचं. शिशातून किरण जात नाहीत, म्हणून ते अक्षर फिल्ममध्येच पांढरं उमटतं. मग ही बाजू कोणती, यावर कोणी वाद घालू शकत नाही.

त्या सेंटरमध्ये असलं काही नव्हतं. मी विचारलं तर ऑपरेटर म्हणाला, कंप्यूटर सब डाल देता है. मी तिथूनच सावध झालो. फिल्म हातात आली तशी मी ती खिडकीशी धरली आणि बघता बघता मला खोट सापडली. हृदयाचं टोक उजवीकडे होतं.

खरं सांगतो, मला आनंद झाला. इतके दिवस मला कुणीतरी फसवतंय असं वाटत होतं आणि आता पुरावा हातात होता.

"भैया, ये तो उल्टा छाप दिया."

ऑपरेटरने फिल्म घेतली, पडद्यावर पाहिलं, परत फिल्म पाहिली. बाहेर बाकावर दहा माणसं बसली होती. "हाँ बाबूजी, पलट गया होगा," तो म्हणाला, आणि माऊसचं एक बटण दाबलं. पडद्यावरची माझी छाती कूस बदलल्यासारखी दुसरीकडे वळली. नवी फिल्म निघाली. हृदय डावीकडे, जिथे असायला हवं तिथे. आधीची फिल्म मी त्याला माझ्यासमोर फाडायला लावली. नापास माल शेडमध्ये राहू द्यायचा नाही, हा आमचा नियम होता.

घरी येऊन मी हा पराक्रम सुनंदाला रंगवून सांगितला. ती डाळीला फोडणी देत होती. तिने हात पुसले, फिल्म घेतली आणि जरा वेळ पाहिली.

"आणि पहिली कशी होती?"

"उलटी. हृदय उजवीकडे."

"अच्छा," ती म्हणाली आणि डाळीकडे वळली. मला वाटलं, तिचं लक्ष नाही.

डॉक्टरांनी फिल्म पाहून सगळं ठीक म्हटलं. मग मी सोनोग्राफीचा विषय काढलाच नाही.

बंद दार

पुढच्या वेळी कळ आली ती गेलीच नाही. थंडी वाजून ताप आला, पाणीसुद्धा पोटात ठरेना. तरी मी म्हणत होतो की दवाखान्यात एकदा आत घेतलं की बाहेर सोडत नाहीत. सुनंदाने मीठ-मोहरी उतरवून टाकली आणि त्याच हाताने प्राचीला फोन लावला. प्राची सदरला राहते. तिला तेव्हा चौथा महिना होता. मराठी तिला सगळं कळतं, पण रागावली की ती हिंदीत जाते.

"बाबा, बस. आपसे कोई पूछ नहीं रहा है. गाड़ी नीचे खड़ी है."

दवाखान्यात सोनोग्राफी झालीच. त्या डॉक्टरीणबाईंनी यंत्र माझ्या पोटावर उजवीकडे फिरवलं आणि त्या थांबल्या. डावीकडे फिरवलं, पुन्हा थांबल्या. मग त्यांनी दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं. दोघं पडद्याकडे पाहत होते आणि कोणी बोलत नव्हतं. ही शांतता मला चांगली ओळखीची आहे. मोठी खोट सापडली की आमच्याकडेही माणसं अशीच गप्प व्हायची.

मला वॉर्डात नेलं. प्राचीला बाहेर बोलावलं आणि दार लावून घेतलं. ज्याला आजार आहे त्याच्यासमोर दार लागतं, तो क्षण कोणाच्याही वाट्याला येऊ नये, असं मी म्हणेन. सुनंदा उशाशी बसून साडीचा काठ गुंडाळत होती. तिचे डोळे लाल होते. मी मनातल्या मनात हिशेब जुळवला. कॅन्सर. यांना माहीत आहे, मला सांगत नाहीत. मी भिंतीकडे तोंड करून पडलो आणि फार घाबरलो. नातवंडाचं तोंड दिसणार नाही, एवढंच सारखं मनात येत होतं.

एक गोष्ट मात्र त्या दिवशी बरी वाटली. तिथली नर्स सुई टोचण्याआधी दर वेळी माझं नाव विचारायची. ती मला ओळखत होती, तरी विचारायची आणि मनगटावरच्या पट्टीशी ताडून बघायची. सुनंदा कंटाळली. मला त्या बाईचा आधार वाटला.

सर्जन आल्या त्या डॉक्टर काळमेघ. रेल्वेवाल्या मराठी घरातल्या, जबलपुरातच वाढलेल्या. मी त्यांना बोलूच दिलं नाही.

"कॅन्सर आहे ना? सरळ सांगा."

"कोणी सांगितलं तुम्हाला?" त्यांनी खुर्ची ओढली. "पित्ताशयात खडे आहेत, काका. तिथं सूज आहे, पू व्हायला लागला आहे. काढावं लागेल. पण तुमचं पित्ताशय डावीकडे आहे. आणि यकृतही."

"ते उजवीकडे असतं."

"सगळ्यांचं असतं. तुमचं नाही."

"मग मुलीला बाहेर काहून नेलं?"

"तिला विचारत होते, घरात आणखी कोणाचं असं आहे का. ती रडायला लागली, म्हणून दार लावलं."

माझा एका शब्दावरही विश्वास बसला नव्हता.

कोणता कागद खरा

मी घरून आणलेला लिफाफा उशीखालून काढला. "हा माझा एक्स-रे. मी स्वतः तपासलेला. हृदय डावीकडे आहे. आता सांगा, तुमची सोनोग्राफी कोणाची आहे?"

डॉक्टरांनी फिल्म पाहिली आणि त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी माझ्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवला, आधी डावीकडे, मग उजवीकडे. उजवीकडे त्या बराच वेळ ऐकत राहिल्या.

"मला तर इकडे ऐकू येऊन राहिलं."

"ऐकण्याचा काय भरवसा? फिल्म समोर आहे."

"तेच तर," त्या म्हणाल्या. त्या पहिल्यांदाच काळजीत दिसल्या. मग त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. आतलं सगळंच्या सगळं उलट असेल, आरशात दिसावं तसं, तर भिण्यासारखं काही नाही. सगळं एकमेकांशी जुळलेलं असतं. पण पोट उलटं आणि हृदय सुलटं, असं अर्धवट असेल, तर आतल्या रक्तवाहिन्या कुठून कुठे गेल्या असतील याचा भरवसा नाही. तसल्या पोटात त्या इथे हात घालणार नव्हत्या. मला नागपूरला पाठवणार होत्या. आणि पित्ताशय वाटेत फुटलं तर काय, ते त्यांनी न सांगताच मला कळलं.

"दुसरा एक्स-रे काढून बघू," त्या म्हणाल्या.

"आणि तो कोण पलटवणार? एक बटण दाबलं की माणूस फिरतो. मी डोळ्यांनी पाहिलं आहे."

हे बोललो, आणि बोलता बोलताच माझी जीभ अडखळली. पण वाक्य तोंडातून निघून गेलं होतं. डॉक्टर माझ्याकडे बघत होत्या. प्राचीही बघत होती.

"बाबा, किसने पलटाया था?"

मी सुनंदाला म्हणालो, "तुझ्या बांगडीला पिना आहेत ना? एक दे."

आमच्याकडच्या बायकांच्या बांगडीला सेफ्टी पिनांचा झुबका नेहमीच असतो. तिने एक सोडवली. मी म्हणालो, माझ्या डाव्या खांद्यावर लाव, गाऊनला. आणि डावा कोणता ते पुन्हा बघ. तिने माझं घड्याळाचं मनगट धरून पाहिलं आणि तिथूनच वर खांद्यावर पिन लावली.

एक्स-रेच्या खोलीत ऑपरेटर म्हणाला, "बाबूजी, मेटल निकालना पड़ता है." डॉक्टर काळमेघ मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "रहने दो."

मला पडदा बघू द्या, असा मी हट्ट धरला होता. चित्र आलं. एका खांद्यावर पिन पांढरीशुभ्र उमटली होती, तिच्या टोकावरचं कडंसुद्धा स्पष्ट दिसत होतं. आणि माझं हृदय तिच्याकडे पाठ करून दुसऱ्या बाजूला झुकलेलं होतं. उजवीकडे.

मी ऑपरेटरला "पुन्हा बघ" म्हटलं नाही. पिन माझी होती, खांदा माझा होता आणि पद्धतही माझीच होती. मी त्या दिवशी सेंटरमध्ये खरी फिल्म नापास केली होती आणि खोटी पास करून घेतली होती. ईसीजीवाल्यानेही तेच केलं होतं. प्रत्येकाने आपापली चूक सुधारली होती आणि माझ्या शरीराकडे कोणी पाहिलं नव्हतं. काखेत कळसा म्हणतात तो हा.

"बरं झालं," डॉक्टर म्हणाल्या. "सगळंच उलटं आहे." उलटं आहे हे ऐकून मला इतकं सुख आयुष्यात पहिल्यांदाच झालं असेल.

फोरमन नसलेली फॅक्टरी

ऑपरेशनआधी ताप उतरावा म्हणून मला सलाइनवर ठेवलं होतं. दवाखान्यातला दिवस म्हणजे चहा, थर्मामीटर, नाव विचारणारी नर्स आणि शेजारच्या खाटेवरच्या माणसाचे नातेवाईक. मला एकच प्रश्न छळत होता. चूक कोणाची? एवढा मोठा माणूस उलटा जोडला गेला आणि कोणाच्या लक्षात आलं नाही?

सकाळच्या फेरीला मी डॉक्टरांना हे विचारलं. प्राची नाश्ता घेऊन आली होती, तीही थांबली. तिच्या मनात काय होतं ते मला दिसत होतं.

डॉक्टर खाटेच्या कडेवर टेकल्या. म्हणाल्या, "काका, सुरुवातीला पेशी सगळ्या सारख्याच असतात. पुढं कोणाची हाडं होतात, कोणाचं रक्त, कोणाची कातडी. पण प्रत्येकीकडे नकाशा पूर्ण असतो, सगळ्या माणसाचा."

"मग हाडाच्या पेशीला नकाशातला हाडाचाच भाग कोण देतो?"

"कोणी देत नाही. ती कुठे उभी आहे आणि शेजारणी तिला काय सांगून राहिल्या, त्यावरून ती नकाशातलं आपलं पान उघडते. बाकीची पानं मिटवून ठेवते."

"फोरमन?"

"नाही."

"इन्स्पेक्शन?"

"शेजारणीच करतात. जी चुकीच्या जागी चुकीचं काही करते, तिला बहुतेक वेळा मरून जायला सांगतात. आणि ती ऐकते."

मला हे अजिबात पटलं नाही. फोरमन नाही, तपासनीस नाही आणि माल मात्र चालतो, असली फॅक्टरी मी पाहिलेली नाही.

"आणि डावं-उजवं?" प्राचीने विचारलं.

"पहिले दोनेक आठवडे ते नसतंच," डॉक्टर म्हणाल्या. "चपटी चकतीच असते बाळ म्हणजे. डोकं कुठे, पाय कुठे, पाठ कुठे, हे ठरतं. पण डावी-उजवी बाजू अगदी सारखी. मग मधे एक बारीक खड्डा होतो. त्यातल्या पेशींना केसासारखे तंतू असतात, ते गोल गोल फिरतात. त्यानं खड्ड्यातलं पाणी एका अंगाला वाहतं. ज्या अंगाला वाहतं, त्या पेशींना समजतं, आपण डाव्या. मग त्या पुढच्यांना सांगतात. हृदय आधी सरळ नळी असते, या निरोपावर ती वळते."

"आणि माझ्यात?"

"तुमच्यात निरोप दुसऱ्या बाजूला गेला. काहून गेला, ते मला सांगता येणार नाही. पण एकदा गेल्यावर सगळ्यांनी एकच ऐकलं. यकृतानं, जठरानं, आतड्यानं. कोणी फुटून निघालं नाही. म्हणून तर तुम्ही आज इथं बसून मला तपासून राहिले."

त्या गेल्यावर मला फॅक्टरीतले सुटे भाग आठवले. आमच्याकडे काही सुटे भाग डाव्या बाजूचे यायचे, काही उजव्या. डावा भाग उजव्या जागी बसवला तर तो नापास. पण जोडणीच पूर्ण उलटी असेल आणि प्रत्येक खाच आपल्या दात्याला बसत असेल, तर तो माल नापास कोणत्या नियमाने करायचा? असा नियम मला आठवला नाही. आईच्या पोटात, कोणी बघत नसताना, बोटाच्या नखाहून लहान जागेत हे झालं, आणि ते इतकी वर्षं चाललं. जिन्यावरून मी धावलो, सायकल मारली, प्राचीला खांद्यावर घेऊन ग्वारीघाटला नर्मदेवर नेलं. या सगळ्यात त्या उलट्या जोडणीने कधी तक्रार केली नाही. मला रडू आलं. प्राचीने पाहिलं आणि डबा आवरत बसली.

पास

डॉक्टर काळमेघांवर माझा विश्वास कधी बसला ते सांगतो. त्या म्हणाल्या, "असं ऑपरेशन मी आजवर केलेलं नाही." माझ्या सगळ्या आयुष्यात इतकं खरं वाक्य मला कोणत्याच ऑफिसात ऐकायला मिळालं नव्हतं.

मी म्हणालो, मग कसं करणार ते दाखवा. त्यांनी माझ्या औषधांच्या कागदामागे पेनने काढून दाखवलं. नेहमी त्या रोग्याच्या डाव्या अंगाला उभ्या राहतात आणि पडदा त्याच्या उजव्या खांद्याशी असतो. आता सगळं दुसऱ्या अंगाला न्यायचं. त्यांचा उजवा हात अवघडणार, म्हणून जास्त वेळ लागणार. मी शंका काढत गेलो आणि त्या उत्तरं देत गेल्या. दोन प्रश्नांवर त्या म्हणाल्या, बघून सांगते, आणि संध्याकाळी येऊन सांगितलं. मी सही केली.

टेबलावर मला घेतलं तेव्हा दात वाजत होते. थंडीने, असं मी भूल देणाऱ्याला सांगितलं. ते खोटं होतं. सगळे आपापल्या कामात होते आणि मी मान वळवून बघत होतो. पडदा कुठल्या खांद्याशी आहे, पोटावरची शाईची खूण कुठल्या अंगाला आहे. कोणीतरी म्हणालं, "बाबूजी, आराम से लेटिए."

"नाही, त्यांना बघू द्या," डॉक्टर काळमेघ मास्कमधून म्हणाल्या. त्या माझ्या उजव्या अंगाला येऊन उभ्या राहिल्या. "काका, बघून घ्या सगळं. तुम्ही पास म्हटल्याशिवाय मी सुरू करत नाही."

मी पडदा पाहिला. खूण पाहिली. त्यांचे हात पाहिले. आयुष्यभर मी हा शब्द लोखंडाला म्हणत आलो होतो.

"पास," मी म्हणालो. त्यानंतरचं मला आठवत नाही.

घरी

ऑपरेशन लांबलं, पण नीट झालं. खडे एका डबीत घालून दिले. सुनंदाने ती डबी घरात ठेवू दिली नाही. आता माझ्या पाकिटात एक चिठ्ठी असते, हृदय उजवीकडे, यकृत डावीकडे, अपेंडिक्स डावीकडे. ज्याला असं निघेल, त्यानेही ठेवावी. बेशुद्ध माणूस स्वतःचं इन्स्पेक्शन करू शकत नाही. आणि कोणी तुमची फिल्म सुधारून देत असेल, तर आधी न सुधारलेली मागून घ्या.

पाचव्या महिन्यात प्राचीची मोठी सोनोग्राफी होती. मी बाहेर बाकावर बसलो होतो, मला आत येऊ देणार नाहीत असं तिने आधीच बजावलं होतं. ती बाहेर आली आणि म्हणाली, "बाबा, सब सीधा है. दिल लेफ़्ट में." मी विचारण्याआधीच तिने सांगितलं, "दो बार दिखवाया." मला फार बरं वाटलं. आणि खरं सांगायचं तर, अगदी थोडं वाईटही वाटलं.

त्या दुपारी घरी मी आडवा पडलो होतो. जखम भरत आली होती. सुनंदा शेजारी येऊन पडली आणि सवयीने तिने डोकं माझ्या छातीवर ठेवलं. उजव्या बाजूला. ती लग्नापासून याच बाजूला झोपते. मी उगाच म्हणालो, "तुला कसं वाटतं आता, तुझा नवरा उलटा निघाला?"

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"की तुमचं इकडे वाजते." तिने बोटाने माझ्या उजव्या बरगडीवर ठोकलं. "पहिल्या दिवसापासून. मला आधी वाटे, सगळ्या माणसांचं इकडेच असते. मग प्राचीच्या पुस्तकात चित्र पाहिलं."

मी उठून बसायला गेलो. टाके ओढले, पुन्हा पडलो.

"अगं मग सांगितलं काहून नाही? ती फिल्म दाखवली तेव्हाही नाही?"

"तुम्ही फिल्म परत करून आले होते ना. मी काय म्हणणार? म्हटलं असतं, तर तुम्ही म्हणाले असते, तुला नीट ऐकू आलं नसंल, पुन्हा ऐक."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तेच मला जास्त लागलं. खोटं काहीच नव्हतं त्यात, मी नेमकं तेच म्हणालो असतो.

ती उठायला लागली, चहाची वेळ झाली होती. मी तिचा हात धरला आणि तिचं डोकं होतं तिथे परत टेकवलं.

"पुन्हा ऐक," मी म्हणालो.